नाव नोंदवताना नेमकं काय लपवायचं: प्रॉक्सी, व्हीपीएन की एलियस?

सांगलीत विश्रामबागला अभ्यासिकेत बसून एमपीएससीची तयारी करणाऱ्याला सारखं कुठल्या ना कुठल्या साईटवर नाव नोंदवावं लागतं. टेस्ट सिरीज, चालू घडामोडींची पीडीएफ, फुकटचं डेमो लेक्चर. सगळीकडे आधी ईमेल आणि मोबाइल. त्यावर हमखास मिळणारा सल्ला म्हणजे "प्रॉक्सी लाव, कुणाला काही कळत नाही." मला हा सल्ला धोक्याचा वाटतो.

प्रॉक्सीमुळे साईटला तुमच्याऐवजी मधल्या सर्व्हरचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेट जोडणीचा क्रमांक, दिसतो. आयपीवरून फार तर तुमची इंटरनेट कंपनी आणि अंदाजे गाव कळतं, तेवढंच झाकलं जातं. फॉर्ममध्ये स्वतः भरलेलं नाव, ईमेल, जन्मतारीख जशीच्या तशी पोचते. त्यात फुकटच्या वेब-प्रॉक्सी, म्हणजे ज्यांच्या पानावर दुसऱ्या साईटचा पत्ता टाकून ती उघडायची, त्या तर वाईटच. तुम्ही टाइप केलेला पासवर्ड त्यांच्या सर्व्हरवरूनच पुढे जातो. ब्राउझरमध्ये सुरक्षिततेचं कुलूप दिसलं, तरी ती सुरक्षितता त्या प्रॉक्सीपर्यंतचीच. तिथून लॉगिन करूच नका.

तुमचं सगळं इंटरनेट कूटबद्ध करून स्वतःच्या सर्व्हरवरून नेणारं व्हीपीएन यापेक्षा बरं. अभ्यासिकेच्या सामाईक वायफायवर त्याचा उपयोगही आहे. पण विश्वास त्या कंपनीवर टाकावा लागतो. सर्ट-इन या सरकारी सायबरसुरक्षा संस्थेने 2022 मध्ये व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची माहिती 5 वर्षं ठेवायला सांगितलं, तेव्हा एक्स्प्रेसव्हीपीएन, नॉर्डव्हीपीएन अशांनी भारतातले सर्व्हरच काढून घेतले. आणि फॉर्ममधला ईमेल इथेही उघडाच.

म्हणून नोंदणीपुरतं विचाराल तर माझा कौल एलियसला, म्हणजे पर्यायी ईमेल पत्त्याला. फायरफॉक्स रिले, डकडकगो किंवा सिंपललॉगिन तुम्हाला वेगळा ईमेल पत्ता बनवून देतात. त्यावर आलेली मेल तुमच्या खऱ्या इनबॉक्सला येते. एका टेस्ट सिरीजसाठी एक एलियस काढला आणि पुढे त्याच पत्त्यावर कर्जाच्या जाहिराती येऊ लागल्या, तर पत्ता कुठून फुटला ते लगेच कळतं. तो एलियस बंद करायचा. बाकीची खाती जागच्या जागी. रिलेवर फुकटात 5 पत्ते मिळतात. डकडकगो फुकट आहे, शिवाय मेल उघडल्याचं पाठवणाऱ्याला कळवणारे लपवलेले ट्रॅकर काढून टाकतं. आयफोनवाल्यांना पैसे भरून आयक्लाउड प्लसमध्ये हीच सोय मिळते.

जीमेलच्या पत्त्यात अधिकचं चिन्ह घालून वेगळा पत्ता करता येतो, पण त्यात खरा पत्ता वाचता येतो, त्यामुळे लपत काहीच नाही. दहा मिनिटांचा तात्पुरता ईमेल एखादी पीडीएफ उतरवण्यापुरता ठीक. पैसे भरलेल्या कोर्सला तो दिलात आणि पासवर्ड विसरलात, तर रीसेटची लिंक येणार कुठे?

खरी अडचण मोबाइलची. ओटीपीशिवाय पुढे जाऊ न देणाऱ्या साईटपुढे एलियस काही करू शकत नाही. रिलेचे फोन मास्क, म्हणजे खऱ्याऐवजी द्यायचे पर्यायी नंबर, अमेरिका आणि कॅनडापुरतेच आहेत. जमत असेल तर नोंदण्यांसाठी वेगळं सिम ठेवा. ते परवडत नसेल तर निदान 1909 वर जाहिरातींचे कॉल-मेसेज रोखणारी डीएनडी तरी लावा.

मात्र आयोगाचं खातं, बँक आणि कॉलेजला खराच ईमेल द्या. एलियसची सेवा ऐन वेळी अडली आणि प्रवेशपत्राची मेल आली नाही, तर नुकसान तुमचंच.