नऊ महिने पणजोबांच्या भावाच्या मागावर: काय कामाला आलं, काय नाही

चवथीची, म्हणजे गणेशचतुर्थीची, माटोळी (गणपतीवर टांगलेली फळाफुलांची चौकट) सोडताना आत्या दरवर्षी हे एक वाक्य बोलतेच: "आमचे धाकटे आजोबा आफ्रिकेला गेले ते गेलेच." म्हणजे माझ्या पणजोबांचे भाऊ. गेल्या चवथीला मी त्याच रात्री वंशावळीच्या एका बड्या परदेशी साइटची वर्षाची वर्गणी भरून मोकळी झाले. त्याला आता नऊ महिने झाले. आम्ही फोंडा तालुक्यातल्या बोरीचे, हिंदू. आमच्यासारख्यांनी या नादी लागावं का आणि लागलं तर कुठून सुरुवात करावी, ते सांगते.

साइटचं आधी उरकते. दिसायला झकास. नाव टाकलं की पाच मिनिटांत "जुळणी सापडली". माझ्या पणजोबांना तिने नैरोबीच्या एका ख्रिस्ती कुटुंबात नेऊन बसवलं, कारण आडनाव नाईक आणि मूळ गोवा. एवढंच साम्य. तिच्याकडचा माल मुख्यतः चर्चच्या पुस्तकांचा आणि ब्रिटिश अमदानीतल्या गोऱ्यांचा. तुमच्या घरात बाप्तिस्म्याच्या नोंदी असतील तर तुमचं गणित वेगळं. मला मात्र ते पैसे पाण्यात गेले असंच म्हणावं लागेल. चौथ्या महिन्यात वर्गणी थांबवायला गेले, तर उरलेल्या महिन्यांचे पैसे परत नाहीत.

फॅमिलीसर्च ही दुसरी साइट मोफत आहे, अमेरिकेतल्या युटामधल्या मॉर्मन चर्चची. तिथे बोरी नव्हतं, पण हरिद्वारच्या पंड्यांच्या, म्हणजे तीर्थावरच्या पुरोहितांच्या, वंशावळीच्या वह्यांचे फोटो बघायला मिळाले आणि डोक्यात एक किडा शिरला. त्याचं पुढे सांगते.

खरी सुरुवात झाली ती आजोबांच्या जन्मनोंदीपासून. तालुक्याच्या नोंदणी कचेरीत १९१९ सालची नोंद मागितली. कारकुनाने मान वर न करताच विचारलं, "पासपोर्टाक जाय न्हय?" म्हणजे पासपोर्टाला हवाय ना? त्याचंही खरंच. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व मागता येतं, म्हणून निम्मा गोवा आजोबांचा जन्मदाखला शोधत असतो. मला फक्त बघायचाय म्हटल्यावर त्याला संशयच आला. तीन फेऱ्या झाल्या. पण ते पान हातात पडलं आणि सगळा शीण गेला. पोर्तुगीज जन्मनोंदीत बाळाच्या आईबापांबरोबर दोन्हीकडचे आजी-आजोबाही लिहिलेले असतात. एका पानात तीन पिढ्या, त्याही बायकांच्या नावांसकट! आमच्या देवस्थानच्या महाजनांच्या, म्हणजे वंशपरंपरेच्या सभासदांच्या, यादीत एकही बाई नाही. त्या यादीत पणज्या, खापरपणज्या मुळी जन्मालाच आल्या नव्हत्या.

आता स्पेलिंगचं. मी दोन महिने घालवले ते इथेच. रोमन लिपीत इंग्रजी पद्धतीने नाव शोधाल तर काही मिळणार नाही. 'नाईक' म्हणजे एन-ए-आय-क्यू-यू-ई. 'श'ला एक्स, 'क'ला कधी सी, कधी क्यू. आणि सगळ्यात मोठी गोम म्हणजे लिहिणाऱ्याने कोकणी उच्चार कानाला लागला तसा उतरवलाय. कोकणीतला 'अ' ओकडे झुकतो, म्हणून प्रभूचा 'पोरोबो' झाला आणि गणेशचा 'गोनेश'. मी शेवटी कागदावरचं नाव मोठ्याने, आजीच्या सुरात वाचायला लागले, तेव्हा माणसं ओळखू यायला लागली. तारखा अक्षरी असतात, त्यामुळे पोर्तुगीज अंक आणि महिने पाठ करा, आठवडाभराचं काम आहे. 'एफ'च्या डोक्यावर बारीक 'ओ' दिसला तर ते 'फिल्यु', म्हणजे मुलगा. हे मला शेजारच्या काकांनी शिकवलं. ते प्रिमेर ग्राव (पोर्तुगीज प्राथमिक शिक्षण) करून लिसेवात, म्हणजे पोर्तुगीज हायस्कुलात, शिकलेले, वय पंच्याऐंशीच्या पुढे. गोव्यात असा एखादा म्हातारा गाठा, कुठल्याही ॲपपेक्षा भारी. ही मंडळी आता फार उरली नाहीत.

जन्मनोंदीतून खापरपणजोबांचं नाव कळलं आणि इन्व्हेंतारचं दार उघडलं. गोव्याबाहेरच्यांसाठी सांगते: माणूस गेला आणि वारसांत अल्पवयीन मूल असलं की कोर्टातून मालमत्तेची यादी आणि वाटणी व्हायची, ती ही इन्व्हेंतार. ती मयताच्या नावाने लागते, म्हणून आधी ते नाव हवं. आमची १९१२ची निघाली. माडांची संख्या, दोन तांब्याची भांडी, एक मोडका पाळणा, सगळं मोजलेलं. मग वारस. पणजोबा, त्यांची लहान बहीण, आणि मधे धाकट्या भावाच्या नावापुढे चार शब्द: 'आउझेंत एं पार्त इन्सेर्त'. गैरहजर, ठावठिकाणा अनिश्चित. काकांनी ते दोनदा वाचलं आणि चष्मा काढून ठेवला. घरात शंभर वर्षं जे बोललं जात होतं, ते सरकारी शाईत हे असं लिहिलेलं.

म्हणजे गेलेला माणूस गेला तिथे शोधण्यापेक्षा मागे राहिलेल्यांच्या कागदांत शोधावा. वाटणी असते तिथे गैरहजराचं नावही लिहावंच लागतं.

पुढे कुठे? तेव्हा तो हरिद्वारचा किडा वळवळला. मे महिन्यात नाशिकला गेले. तिथले तीर्थोपाध्याय गाव आणि आडनावानुसार नामावळी राखतात. आम्ही कुणाचे यजमान ते शोधण्यात अर्धा दिवस गेला. गुरुजींनी लांबट चोपडी मांडीवर घेतली, "बोरी, गोमांतक" असं पुटपुटत पानं उलटली आणि एका जागी बोट ठेवलं. शके १८५३, म्हणजे १९३१. वर मोडीत खापरपणजोबांचं नाव, त्याखाली त्यांच्या धाकट्या मुलाचं. बायको, तीन मुलगे. हल्ली मुक्काम मुंबई, गिरगाव. आणि आडनाव बोरकर! मुंबईत गेल्यावर गावाचं नाव लावलं की काम झालं, नाईक शोधत बसणाऱ्याला ते कसे सापडणार? शेवटी बाळबोधीत सही, जाड टाकाची, 'र'ला लांब शेपूट.

कागद ठेवायला मी ग्रॅम्प्स हा वंशावळीचा कॉम्प्युटर प्रोग्राम वापरते. फुकट आहे, देवनागरी नीट चालते, एका माणसाची तीन नावं नोंदवता येतात. इतकं पुरे.

वेळेचा हिशेब: कचेऱ्यांच्या एकूण अकरा फेऱ्या, नाशिकची एक. साइटची वर्गणी वगळली तर सगळा खर्च तिच्या निम्म्यानेही नाही. बोरकरांचे वंशज अजून सापडलेले नाहीत, आणि नुसत्या आडनावावर लोकांना फोन करत सुटणं मला पटत नाही.

सहीचा फोटो आत्याला दाखवला. तिने मोबाइल नाकाशी नेऊन बराच वेळ बघितला. "आमच्या आजोबांचा 'र' अस्साच. एकाच पंतोजीकडे शिकले ना दोघे." मग मोबाइल परत देत म्हणाली, "पण आधी आफ्रिकेलाच गेले होते हां ते."