फास्ट की स्पिन? करिअर म्हणून बघितलं तर

पोरगा उंच असला, खांदा बरा असला की कोच लोक लगेच म्हणतात फास्ट टाकू दे, आणि त्यात तथ्य आहे. टीममध्ये फास्टवाल्यांना तीन-चार जागा असतात, स्पिनरला एक, फार तर दोन, आणि विकेटवर गवत दिसलं की तीही जाते. शिवाय स्पीड सिलेक्टरला दोन ओव्हरमध्ये दिसतो. स्पिनर चांगला आहे हे कळायला सीझन जातो, तोवर कॅप्टन त्याला फाइन लेगला उभा करून विसरलेला असतो.

स्पिनमधला सगळ्यात मोठा धोका हाच, पुढचा हलत नाही तोवर तुमचा नंबर नाही. शिवलकर आणि गोयल दोघंही लेफ्ट आर्म स्पिनर, फर्स्ट क्लासमध्ये एकाच्या 589 विकेट आणि दुसऱ्याच्या 750, आणि टेस्ट शून्य, कारण भारताच्या टीममध्ये त्या जागेवर बिशनसिंग बेदी होते. हे ज्याला झेपणार नाही त्याने आधीच विचार करावा.

आता फास्टची बाजू. ऑस्ट्रेलियाच्या पॅट कमिन्सने 2011 मध्ये 18 व्या वर्षी पहिल्याच टेस्टमध्ये सात विकेट काढल्या, मॅन ऑफ द मॅच झाला, आणि दुसरी टेस्ट खेळला थेट 2017 मध्ये. मधली वर्षं बहुतेक पाठ आणि बाकीची दुखणी सांभाळण्यात गेली. त्याच्याकडे बोर्ड होतं, डॉक्टर होते, पगार होता, तरी एवढा वेळ लागला. न्यूझीलंडचा फास्ट बॉलर शेन बॉन्ड 18 टेस्टमध्ये 87 विकेट घेऊन संपला. इंग्लंडचा जेम्स अँडरसन 41 व्या वर्षापर्यंत टेस्ट खेळला, 704 विकेट घेतल्या हे मान्य, पण फास्टवाले नेहमी त्याचंच नाव घेतात कारण दुसरं नाव पटकन सापडत नाही.

पण खरं सांगू का, मी फास्ट सोडलं ते दुखापतीला घाबरून नाही. दुखणं होतं, ते सगळ्यांनाच असतं. मला वैताग यायचा तो मोजून बॉलिंग करण्याचा. म्हणजे आउटस्विंगर जरा कुठे हातात बसायला लागला, मनगट बरोबर मागे राहतंय, आणि तेवढ्यात फिजिओ म्हणणार बस, आजचा कोटा संपला. का तर वर्कलोड. आणि तो चुकत नव्हता हीच तर गोची, कोवळ्या वयात कमरेचं हाड पक्कं झालेलं नसतं, जास्त टाकलं की स्ट्रेस फ्रॅक्चर. इंग्लंडमध्ये तर पोरांनी एका स्पेलमध्ये आणि दिवसात किती ओव्हर टाकायच्या याची लेखी मर्यादा आहे, आणि ती फक्त फास्टवाल्यांना, म्हणजे ज्याला कीपर मागे उभा राहतो त्याला. स्पिनरला मर्यादा नाही. पलीकडच्या नेटमध्ये आमचा ऑफस्पिनर एक स्टंप रोवून अंधार पडेपर्यंत टाकत बसायचा, कोणी काही बोलत नव्हतं, आणि मी पॅड न बांधता नुसता बसून ते बघायचो. जी गोष्ट शिकायची तीच जास्त वेळ करायची नाही हे माझ्या डोक्याला कधी पटलंच नाही. कोणाला शिस्त म्हणून पटत असेल, माझा स्वभाव तसा नाही.

स्पिनला आल्यावर बोट सोलवटायचं, घट्टे पडायचे, छोट्या ग्राउंडवर मार बसायचा तो वेगळाच. पण दुसऱ्या दिवशी सकाळी परत टाकता यायचं. माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

आणि वयाचं गणित स्पिनच्या बाजूने आहे असं मला तरी वाटतं. श्रीलंकेचा स्पिनर रंगना हेराथ, त्याचं पदार्पण 1999 चं, पण खरं करिअर सुरू झालं 2010 मध्ये मुरलीधरन रिटायर झाल्यावर, आणि चाळिशीत रिटायर झाला तेव्हा नावावर 433 टेस्ट विकेट. लेगस्पिनर इम्रान ताहिर 2019 च्या आयपीएलमध्ये 26 विकेट घेऊन सगळ्यांच्या वर होता, त्याच सीझनमध्ये चाळीस पूर्ण केली त्याने. प्रवीण तांबे आधी मीडियम पेसच टाकायचा, लेगस्पिनला वळला आणि आयपीएलमध्ये पहिल्यांदा दिसला तो 41 व्या वर्षी. अशी उदाहरणं थोडीच हे कबूल, पण फास्टमध्ये 41 व्या वर्षी सुरुवात केलेला कोणी मला तरी माहीत नाही.

ज्याच्या बॉलला खरंच स्पीड आहे, म्हणजे चांगला बॅट्समन लेट होतोय, त्याने माझं ऐकून रनअप लहान करू नये, ती देणगी परत मिळत नाही. पण तुम्ही मधल्या स्पीडचे असाल, कीपर थोडा पुढे येऊ की नको अशा विचारात उभा राहत असेल, तर एक पूर्ण सीझन स्पिन टाकून बघाच, आणि तोही सतरा-अठराच्या आत, कारण लूप, म्हणजे बॉल हवेत वर जाऊन अचानक खाली येणं, जमायला वेळ लागतो. ऑफस्पिन की लेगस्पिन ते मला विचारू नका, मी ऑफस्पिनवाला, लेगस्पिनरबद्दल माझ्या तोंडून चांगलं निघणार नाही.