गिरणीतून फेसबुक : पाचपैकी साडेतीन

कोल्हापुरात शुक्रवार पेठेत माझी पिठाची गिरण आहे. सकाळी नऊ ते एक, संध्याकाळी पाच ते साडेआठ. फोन साखरेच्या पारदर्शक पिशवीत गुंडाळलेला असतो, कारण पीठ चार्जिंगच्या भोकात जाऊन बसतं आणि मग दुरुस्तीवाला टाचणीनं कोरून दीडशे रुपये घेतो. पिशवीवरनं बोट फिरतं, वाचता येतं. ऐकू मात्र काही येत नाही. दहा एचपीची मोटर आणि पट्टा सुरू असताना समोरची बाई "वैनी, जाडसर काढा" म्हणते तेही मी तिच्या ओठांवरनं ओळखते. तेव्हा हा सगळा अभिप्राय बिनआवाजाचा आहे, एवढं लक्षात ठेवून वाचा.

आवाज नसला की बातम्या सांगणारे निम्मे लोक आपोआप गळतात. यूट्यूबवर हातवारे करून ओरडणारा माणूस नुसता हातवारे करताना दिसतो. इन्स्टाग्राम माझ्या मुलीचं, तिथं मी पाहुणी. मला परवडतं ते फेसबुक. फोटो, खाली चार ओळी, झालं. दळण पडेपर्यंत वाचून होतं.

आणि पावसाळ्यात तर मी त्याच्यावरच असते. पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५५ फूट ७ इंचांवर गेलं होतं. माझ्या उंबऱ्याला पाणी लागायला बंधाऱ्यावर ४९ तरी व्हावे लागतात, हे दोन महापुरांत अंगावर घेऊन शिकलेय. ४९ च्या आधी मोटर काढून वरच्या मजल्यावर न्यायची. चार माणसं, जाड दोर आणि दोन तास लागतात. जाती जागेवरच राहतात, ती कोण उचलणार? पण मोटर भिजली की वायंडिंग गेलं, म्हणजे महिनाभर गिरण बंद.

म्हणून मला बातमी नको, आकडा पाहिजे. आमच्या भागाच्या एका ग्रुपवर एक माणूस आहे, ओळख ना पाळख. पाणी चढायला लागलं की दर दोन-तीन तासांनी लिहितो: "बंधारा ४१ फूट ३ इंच. रात्री ११ वाजता. राधानगरीचे ४ दरवाजे उघडे." बास. ना हात जोडलेले, ना लाल बाण. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. धरण भरलं की पाण्याच्या दाबानंच उघडतात, कुणी बटण दाबत नाही. एका दरवाज्यातनं १४२८ क्युसेक पाणी भोगावतीत आणि तिथनं पंचगंगेत येतं. किती उघडले आणि कधी उघडले हे कळलं की आमच्या गल्लीतली म्हातारी माणसंसुद्धा उद्या दुपारी काय होणार ते सांगतात. त्या माणसाच्या एका ओळीसाठी मी फेसबुकला दोन तारे देऊन टाकले.

आता फजिती. २०२४ च्या जुलैत धोका पातळी ओलांडून झाली होती. रात्री साडेबाराला मला एका नातेवाइकानं व्हिडिओ पाठवला, "गंगावेशीत पाणी शिरलं". मी घाबरले. पोरांना उठवलं, शेजारच्या दोघांना हाक मारली आणि एक वाजता मोटर काढायला लागलो. पट्टा सोडवला, नटबोल्ट एका डब्यात टाकले. मोटर जिन्याच्या निम्म्यात गेली तेव्हा धाकटा म्हणाला, "आई, व्हिडिओत सायकलच्या दुकानाचं शटर निळं हाय बघ." ते दुकान २०१९ च्या पुरात बसलं. तिथं आता मोबाइलची कव्हरं मिळतात. पाच वर्षांपूर्वीचा व्हिडिओ! ग्रुपवरच्या त्या आकडेवाल्याची पोस्ट उघडली तर बंधारा ४९ च्या बराच खाली. मोटर जिन्यातच ठेवली, वर न्यायचीही ताकद नव्हती आणि खाली आणायचीही. सकाळी गिऱ्हाईक डबे घेऊन हजर. माणसांना चहा-नाष्टा, दिवसाचा धंदा बुडाला आणि नटबोल्टांचा डबा आठवडाभर सापडला नाही. तारीख बघितली नाही मी, दोष माझाच. तो नातेवाईक मात्र अजून म्हणतो, "काळजीनं पाठवलं."

फेसबुकचं पहिलं पान वेळेच्या क्रमानं लागत नाही. तुम्ही कशावर थांबता, कशाला लाईक करता ते बघून लागतं. करमणुकीला ठीक आहे, पुराला नाही. 'फीड्स' नावाचं एक वेगळं पान आहे, तिथं ताजं आधी दिसतं. ते मेनूत आत दडवलंय. माझ्या वयाच्या बाईनं ते कसं शोधायचं? मला पोरानं काढून दिलं.

नांदणीच्या जैन मठातल्या हत्तिणीच्या वेळी हेच पुन्हा दिसलं, जरा वेगळ्या तऱ्हेनं. २८ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं मठाची याचिका फेटाळली आणि महादेवीला, म्हणजे माधुरीला, जामनगरला अंबानींच्या वनतारा या प्राणी केंद्रात नेलं. त्यानंतर आठ-दहा दिवस माझ्या फोनवर दुसरं काही नव्हतं. तिच्या डोळ्यांतलं पाणी. गाडीत चढतानाची ती. आवाज नसूनही रडू आलं, खोटं कशाला सांगू. गिरणीत उभ्या बायका एकाच फोनवर डोकी घालून बघत होत्या आणि तोवर एकीच्या ज्वारीत दुसरीचे गहू पडले. नांदणीहून कोल्हापूरला मूकमोर्चा निघाला, अंबानींवरच्या रागानं लोकांनी जिओची सिमकार्डं बदलली. हे सगळं घडवण्यात फेसबुकचा वाटा मोठा होता, नाकारून चालायचं नाही.

पण हत्तीण कशासाठी नेली, हे मला त्या आठ दिवसांत तिथं धड कळलं नाही. तिला हलवायचा मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल १६ जुलैचाच होता. तक्रार पेटा या प्राणीहक्क संस्थेची, तिच्या पायांच्या आजाराचा मुद्दा, उच्चाधिकार समिती, हे मी डब्याखाली अंथरलेल्या वर्तमानपत्रात वाचलं, तेही अर्धं तेलात भिजलेलं. ते वाचून माझं मन बदललं असं नाही. हत्तीण परत यावी असंच मला वाटतं. पण भांडायचं तर समोरच्याचं म्हणणं तरी माहीत पाहिजे ना! ते डोळ्यांतल्या पाण्यात बसत नाही.

प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीनं मिलानला कोल्हापुरीसारखीच चप्पल स्वतःची म्हणून मिरवली तेव्हा मात्र फेसबुकनं कमाल केली. जून २०२५. कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन २०१९ पासून आहे, हे आमच्या चप्पल लाइनमधल्या निम्म्या गिऱ्हाइकांना तेव्हाच कळलं. बोंब एवढी झाली की भारतीय कारागिरीवरनं सुचलंय हे कंपनीला मान्य करावं लागलं. नादखुळा. कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं त्या ऑगस्टमध्येही पेढ्यांचे आणि फ्लेक्सचे फोटो रोज. निम्म्या फोटोंत न्यायालय नव्हतंच, फोटो काढणारा होता.

कुणी म्हणेल, एवढं कशाला, पूर्वी गिरणीतच सगळ्या बातम्या कळायच्या. ते मी बघितलंय. ७ जून २०२३ ला स्टेटसवरनं शहरात दंगा झाला आणि इंटरनेट बंद केलं. गूगल पे चालेना, सगळं उधारीवर. दुपारपर्यंत गिरणीत तिघींनी तीन बातम्या आणल्या. एकीच्या बातमीत बिंदू चौक, दुसरीच्यात तोच प्रकार दसरा चौकात, तिसरीच्यात माणूसच वेगळा. "कधी झालं?" विचारलं तर तिघीही म्हणाल्या, "मघाशी." मघाशी म्हणजे किती वाजता, ते एकीलाही सांगता आलं नाही.

तर साडेतीन. दोन त्या बंधाऱ्यावाल्याचे, एक चपलेचा, अर्धा जुन्या मैत्रिणी सापडल्या त्याचा. दीड कापला तो तारीख बारीक अक्षरात लिहितात म्हणून. माझ्या चष्म्यातनं, पिशवीवरनं आणि पिठातनं ती दिसत नाही.

यंदा मी पाऊस लागायच्या आधीच त्या ग्रुपची सूचना चालू ठेवलीय, बाकी सगळ्यांची बंद. नटबोल्टांचा डबा सापडला, तो आता फोनशेजारीच असतो.