किल्ली हातात येईपर्यंत पैसे कोणाकडे असतात?

सुट्टीसाठी दोन-तीन दिवस बंगला भाड्याने घेताना आपण फोटो पाहतो, दर पाहतो, इतरांचे अभिप्राय वाचतो. मात्र ज्या संकेतस्थळावरून आरक्षण करायचे, तिथे भरलेले पैसे आपण घरात पाऊल ठेवेपर्यंत कोणाच्या ताब्यात राहतात, हे फारसे कोणी विचारत नाही. गेल्या दिवाळीत दिवेआगरच्या एका बंगल्याच्या नावाखाली आमच्या कुटुंबाचे ३४,००० रुपये गेले, ते नेमके याच फटीतून. पुण्यातून दर सुट्टीला कोकणाकडे निघणाऱ्या शेकडो कुटुंबांवर हीच वेळ येऊ शकते, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

आरक्षण माझ्या थोरल्या बंधूंनी केले. संकेतस्थळ बऱ्यापैकी परिचित होते, बंगल्याच्या नावापुढे ‘व्हेरिफाइड’ अशी हिरवी खूण होती आणि अभिप्रायही चांगले होते. दिवाळीत दिवेआगरला खोली मिळणे किती कठीण असते हे सर्वांना ठाऊक आहे, आणि भामट्यांनाही ते पक्के ठाऊक असते. मालक म्हणून बोलणारा गृहस्थ अत्यंत अदबीने बोलत होता. “दादा, आणखी दोन पार्ट्या विचारतायत, पण तुम्ही फॅमिलीवाले आहात, तुम्हालाच द्यायची इच्छा आहे,” असे म्हणून त्याने भाड्याचे २४,००० आणि अनामत १०,००० रुपये यूपीआयने मागितले. पैसे पाठवताना पडद्यावर त्याचे नाव न येता कुठल्याशा इलेक्ट्रिकल्स दुकानाचे नाव आले. त्यावर “ते मेव्हण्याचं खातं आहे, जीएसटीचं बिल त्याच नावानं निघतं,” असे उत्तर त्याच्याकडे तयार होते, आणि काही मिनिटांत शिक्क्यासह पावतीही आली.

ताम्हिणी उतरून माणगाव, म्हसळ्यामार्गे आम्ही दिवेआगरला पोहोचलो, तेव्हा बंगला फोटोतल्याप्रमाणेच समोर उभा होता. फाटकाला मात्र कुलूप होते आणि त्या गृहस्थाचा फोन बंद होता. शेजारच्या वाडीतून राखणदार आले. “मालक मुंबईला असतात. हा बंगला ते कधीच भाड्यानं देत नाहीत. तुमच्याआधीही लोक येऊन परत गेलेत,” असे त्यांनी सांगितले. वहिनींनी तिथेच उभे राहून मोबाइलवरचे फोटो पुन्हा उघडले. बाहेरच्या फोटोत, आणि आमच्या डोळ्यांसमोरही, लाकडी चौकटीच्या, उभ्या गजांच्या खिडक्या होत्या. शयनगृहांच्या फोटोंत मात्र ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या होत्या. नंतर गूगल लेन्सवर शोधले असता ते आतले फोटो परराज्यातल्या एका हॉटेलच्या पानावर सापडले. बाहेरचा फोटो मात्र कोणीतरी फाटकाबाहेर रस्त्यावर उभे राहून काढलेला होता.

मला सर्वाधिक संताप आला तो संकेतस्थळाच्या उत्तराचा. आम्ही केवळ मध्यस्थ आहोत, व्यवहार तुमचा आणि मालकाचा आहे, असे त्यांनी कळवले. नियम व अटी वाचल्यावर लक्षात आले, की ‘व्हेरिफाइड’ या खुणेचा अर्थ जाहिरात देणाऱ्याने मोबाइलवर आलेला ओटीपी भरला एवढाच होता. घर कोणी पाहिले नव्हते, मालकीचा कागद कोणी मागितला नव्हता. जाहिरातीचे शुल्क घ्यायचे, विश्वासाची खूण विकायची आणि ग्राहक लुबाडला गेला की अंग काढून घ्यायचे, हा व्यवसाय प्रामाणिक आहे असे मी मुळीच मानत नाही.

आरक्षणाची संकेतस्थळे ढोबळमानाने दोन प्रकारची असतात. एका प्रकारात फक्त जाहिरात आणि फोन नंबर मिळतो, पैसे थेट समोरच्याच्या खात्यात जातात. दुसऱ्या प्रकारात रक्कम संकेतस्थळाकडेच जमा होते आणि पाहुणे मुक्कामी पोहोचल्यानंतर मालकाला मिळते. उदाहरणार्थ, एअरबीएनबीवर मालकाला पैसे सर्वसाधारणपणे पाहुण्यांच्या आगमनानंतर चोवीस तासांनी सोडले जातात. अर्थात तिथेही “कमिशन वाचवू, थेट पाठवा” असे सांगून व्यवहार बाहेर नेणारे भेटतात, आणि पैसे एकदा बाहेर गेले की ते संरक्षण संपते. भाडे दोन-तीन हजारांनी जास्त पडले तरी मी आता फक्त दुसऱ्याच प्रकाराच्या बाजूने आहे. घरगुती मुक्काम हवा असेल, तर महाराष्ट्र शासनाच्या निवास व न्याहारी योजनेत नोंदलेली घरेही पाहावीत.

आणखी एक तपासणी दोन मिनिटांत होते. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार अशा संकेतस्थळाने आपले कायदेशीर नाव, पत्ता आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव व संपर्क ठळकपणे देणे बंधनकारक आहे. त्या अधिकाऱ्याने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची असते आणि एका महिन्यात निवारण करायचे असते. हा तपशील जिथे सापडत नाही, तिथे एक रुपयाही भरू नये.

आम्ही दिवेआगरहूनच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन केला आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली. यूपीआयची पावती, व्यवहार क्रमांक, संभाषणाचे आणि जाहिरातीचे स्क्रीनशॉट हाताशी असल्यामुळे नोंद लवकर झाली. जाहिरातीचे स्क्रीनशॉट तर तत्काळ घ्यावेत, कारण आमच्या बाबतीत ते पान त्याच रात्री नाहीसे झाले. स्वतः पिन टाकून पाठवलेली रक्कम बँक आपणहून परत देत नाही, त्यामुळे पैसे पुढच्या खात्यात वळते होण्याआधी ते गोठवले जाणे हाच खरा आधार असतो. आमच्या रकमेपैकी १०,००० रुपये असे अडवले गेले आहेत आणि ते परत मिळवण्याची प्रक्रिया चालू आहे; उरलेले त्या खात्यातून आधीच काढले गेले होते. संकेतस्थळाविरुद्धची आमची तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ वर, स्वतंत्रपणे नोंदवलेली आहे. गजांच्या खिडक्यांचा बंगला आणि आत सरकत्या खिडक्या, अशी दिवेआगरची जाहिरात पुन्हा कोणाच्या दृष्टीस पडली, तर पैसे न भरता तिचा स्क्रीनशॉट घेऊन सायबर पोर्टलवर अवश्य कळवावे.