प्रमोटर शेअर घेतो का विकतो, कोणत्या गोष्टीला किती वजन द्यायचं

आमच्याकडं कृषी केंद्रवाला कोणतं बियाणं घ्या म्हणतो त्यापेक्षा तो स्वतःच्या वावरात काय लावतो हे लोक आधी पाहतात, अन् मी शेअर घेतानाही तेच पाहतो. मालक (यालाच प्रमोटर म्हणतात), डायरेक्टर, मोठे अधिकारी यांनी स्वतःच्या कंपनीचे शेअर घेणं-विकणं कायदेशीरच आहे, आतली जाहीर न झालेली माहिती वापरून केलं तर गुन्हा. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या २०१५ च्या नियमानं एका तिमाहीत १० लाखांच्या वर व्यवहार गेला की २ ट्रेडिंग दिवसांत कंपनीला कळवावं लागतं, अन् कंपनीनं पुढच्या २ दिवसांत एक्सचेंजला, म्हणजे शेअर बाजाराला. बीएसई-एनएसईच्या साइटवर ते मोबाइलवर फुकटात दिसतं.

आता खरेदी का विक्री? मी खरेदीला जास्त मानतो. माणूस वावर विकतो ते पोरीच्या लग्नासाठी, दवाखान्यासाठी, भावाभावांच्या वाटणीसाठी, वावर खराब आहे म्हणूनच विकतो असं नाही. प्रमोटरचंही तसंच, टॅक्स भरायचा असतो, नाहीतर पब्लिककडं निदान २५ टक्के शेअर पाहिजेत म्हणूनही विकावं लागतं. पण स्वतःच्या खिशातून बाजारभावानं घेतो ते शक्यतो भाव वाढेल म्हणूनच.

फक्त सगळी खरेदी सारखी नसते भाऊ, इथंच लोक फसतात. साइटवर शेअर कसे आले याचा कॉलम असतो तो आधी वाचा. ईसॉप (कंपनीनं आपल्या माणसांना दिलेले शेअर) असेल तर तो पगाराचाच भाग, गिफ्ट असेल तर घरातल्या घरात, या दोन्हींतून काही कळत नाही. वॉरंट (ठरलेल्या भावानं पुढं शेअर घ्यायचा हक्क) असेल तर सुरुवातीला २५ टक्केच भरायचे अन् बाकीचे १८ महिन्यांत, म्हणजे भाव पडला तर तेवढे सोडून बाजूला होता येतं. मला मोजायची वाटते ती मार्केट परचेस, म्हणजे बाजारातून रोख घेतलेले शेअर, तीही एकट्या मालकाची नाही तर हिशोब सांभाळणारा सीएफओ अन् दोनतीन डायरेक्टर एकाच महिन्यात घेतायत, कंपनीचा रिझल्ट लागून ४८ तास उलटल्यावर विंडो (या आतल्या लोकांना व्यवहाराची मोकळीक असते तो काळ) उघडली अन् लगेच घेतायत, असं दिसलं की मी त्या कंपनीचा ताळेबंद काढून बसतो. रक्कमही पाहा, शेकडो कोटींच्या मालकानं १५ लाखांचे घेतले तर ते दाखवायलाही असू शकतात.

विक्रीपेक्षा मला भीती गहाणाची. शेअर तारण ठेवून कर्ज काढलं अन् भाव पडला की सावकारासारखा कर्ज देणारा ते बाजारात विकतो, भाव आणखी पडतो. सत्यम या आयटी कंपनीत प्रमोटरचे शेअर असेच गहाण होते, २००९ मध्ये ते उघडं पडल्यावर सेबीनं गहाणाची माहिती देणं सक्तीचं केलं. प्रमोटर घेतोय पण गहाणही वाढतंय, तर मी हात लावत नाही.

बातमी आपल्यापर्यंत येईतो चार दिवस गेले असतात अन् भाव थोडा चढलेला असतो, म्हणून त्यानं किती भावानं घेतले तेही पाहा, फार वर गेला असेल तर थांबा. अन् घेतल्यावर ६ महिने त्याला विकता येत नाही, त्याला घाईही नसते. आपला कापसाचा पैसा जानेवारीत हाती येतो अन् जूनमध्ये बियाणं-खताला लागतो, तो पैसा यात घालू नका.