पॉम्पेईच्या कुत्र्याचं भरतकाम किट: कुत्रा छान, कापड चुकीचं

मला भरतकामातलं जवळजवळ शून्य येतं, शाळेत रुमालावर साखळी टाका घातला होता तेवढंच, आणि तरी हे किट मागवलं कारण चित्र बघूनच प्रेमात पडले. पॉम्पेईत, म्हणजे इटलीतल्या जुन्या रोमन शहरात, एका घराच्या दारातच जमिनीवर दगडाच्या बारीक तुकड्यांनी, म्हणजे मोझॅकने, काढलेला साखळीला बांधलेला काळा कुत्रा आणि खाली लॅटिनमध्ये 'कावे कानेम', म्हणजे कुत्र्यापासून सावध. आमच्या बडोद्याच्या सोसायटीत गेटवर 'कूतराथी सावधान' लिहिलंय तेच! इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडला गेला म्हणून टिकला बिचारा.

किट 850 रुपयांचं. पांढरीशुभ्र मॅटी (चौकोनी विणीचं भरतकामाचं कापड), लाकडी रिंग, दोन सुया, दोरे आणि चौकोनांचा चार्ट. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, पण कुठलंही किट घेताना मी सांगते ते बघून घ्या.

पहिली गडबड चार्टची. सगळं क्रॉस स्टिचमध्ये करायला सांगितलंय, मी इमानदारीत पंधरा दिवस फुल्या घातल्या आणि पाठीच्या जागी जिना तयार झाला, सासूबाई म्हणाल्या "अगं हे डुक्कर आहे का?" मग मूळ मोझॅकचा फोटो मोबाइलवर मोठा करून बघितला तेव्हा कळलं की ते तुकडे आलेखाच्या कागदासारखे एकाखाली एक नसतातच, आकाराच्या वळणाने वळतात. रोमन कारागीर आधी आकृतीच्या कडेने पांढऱ्याची एखाद-दुसरी ओळ फिरवायचे आणि मग उरलेल्या जागेत सरळ रांगा लावायचे, म्हणून तर कुत्रा पांढऱ्यात बुडत नाही. चार्टमध्ये ह्यातलं काहीच नाही. सगळं उसवलं.

आता एक दगड म्हणजे दोन पदरी दोऱ्याचे चार सॅटिन टाके, म्हणजे सरळ टाके, शेजारी शेजारी, साधारण 3 मिलिमीटरचा चौकोन, मग केसाएवढी फट, मग पुढचा. फट सोडणं महत्त्वाचं, तिथेच मोझॅक दिसतं, नाहीतर नुसतं भरलेलं कापड. आणि इथेच दुसरी गडबड, फटीतून कापड दिसणार आणि कापडच पांढरं! मंगळ बाजारात दोऱ्याच्या दुकानात गेले तर काकांनी एक नजर टाकली आणि म्हणाले "बेन, धोळा पर धोळुं क्यांथी देखाय?" म्हणजे पांढऱ्यावर पांढरं कुठून दिसणार? पाच सेकंदात निकाल. त्यांनीच राखाडी सुती कापड सुचवलं, ते शेजारच्या दुकानातून अर्धा मीटर घेतलं, झेरॉक्सवाल्याकडून फोटो मोठा करून कार्बनने उतरवला आणि काकांकडूनच पांढऱ्याच्या जोडीला क्रीम आणि फिका करडा घेतला, कारण खरे दगड काही एकाच पांढऱ्याचे नसतात, तिन्ही मिसळून भरलं की जमीन एकदम जुनी दिसायला लागते. हा भाग करताना खरंच मजा आली.

मग किटमधलं वापरलं काय? रिंग, सुया, आणि कुत्र्याच्या गळपट्ट्याचा लाल दोरा. तोसुद्धा आधी ओल्या पांढऱ्या चिंधीवर घासून बघा, माझ्या चिंधीवर गुलाबी उतरला, म्हणून भरलेलं कापड धुवायचं नाही असं ठरवलंय. काळा दोरा दर तिसऱ्या टाक्याला फुलायचा, त्याऐवजी अँकर कंपनीचा 403 नंबरचा काळा आणला, मऊ चालतो. पांढऱ्याच्या 2 लड्या दिल्यात, मला सगळे फिके रंग धरून 5 लागल्या. रिंग मात्र झकास, कापड ढोलकीसारखं ताणलेलं राहतं.

मध्ये पाहुण्यांना घेऊन लक्ष्मी विलास पॅलेसला गेलो तेव्हा दरबार हॉलच्या मोझॅक फरशीकडे पहिल्यांदा नीट बघितलं. ती घालायला व्हेनिसहून 12 कारागीर येऊन 18 महिने खपले असं म्हणतात. माझ्या वीतभर कुत्र्याला चौथा महिना चालू आहे, अक्षरं अजून बाकी.

किटला पाचपैकी दोन, तेही रिंगसाठी. काकांच्या दुकानाला पाच, फक्त दुपारी 1 ते 4 जाऊ नका, शटर अर्धं खाली असतं आणि ते आत जेवत असतात.