सहा जोड मागितले, सहाच मिळाले: म्हापशातलं बटणांचं दुकान

गोव्यात डिचोलीला माझं शिवणकाम आहे. गेली २२ वर्षं ब्लाउज शिवते. एवढ्या वर्षांत घरात काय काय साठतं ते शिवणाऱ्या बाईलाच ठाऊक. साडीचा जादा काठ, गळ्याला लावून उरलेली चार बोटं लेस, अस्तराच्या पट्ट्या, लटकनांचे सुटे मणी. त्यात चवथीच्या मखराची उरलेली सोनेरी पट्टी, आकाशकंदिलाचे कागद आणि वर्षभर घरी आलेल्या लग्नपत्रिका. मी यातलं काही टाकत नाही. यातूनच कानातली करते, राख्या करते, भेटकार्डं करते. बरीचशी देण्यासाठी, थोडी विकण्यासाठी.

हे काम ज्या बायका करतात त्यांना माझं म्हणणं लगेच कळेल. उरलेल्या सामानात सगळं असतं, नेमकी एक वस्तू नसते. कापड आहे, मणी आहेत, पण कानातल्याचे हुक नाहीत. माळ ओवून झाली, पण टोकाला तार दाबून धरणारं गिअर लॉक नाही. आणि ती एक वस्तू घ्यायला जावं तर शंभर नगांचं पाकीट हातात येतं. उरलेलं संपवायला बसायचं आणि उठताना घरात ९० नग नवे उरवून ठेवायचे. म्हापशाच्या मार्केटातल्या ज्या दुकानाबद्दल लिहिते आहे, ते मला याच कारणासाठी मोलाचं वाटतं. तिथे सुटं मिळतं. दोन मागा, दोन देतात.

दुकान टेलरिंग मटेरियलचं आहे, कापडवाल्यांच्या ओळीत. दोन गिऱ्हाइकं आत गेली की तिसऱ्याने पायरीवर थांबायचं, एवढीच जागा. पाटीवरची अक्षरं पावसाने गेली आहेत, म्हणून नाव लिहीत नाही. 'बटणांचं दुकान' विचारलं की आजूबाजूचे बोट दाखवतात. काउंटरवर साठीच्या पुढचे काका असतात. चष्मा कपाळावर, आणि कुणीही पायरी चढलं की पहिला प्रश्न, "कितें जाय गो बाय?" म्हणजे काय हवं गं बाई.

मी पहिल्यांदा गेले ती तक्रार घेऊनच. त्याआधी मी ऑनलाइन हुकांचं एक मोठं पाकीट मागवलं होतं. स्वस्त पडलं म्हणून खूश होते. त्यातले सहा जोड लावून मी कानातली केली आणि एक जोड नेहमीच्या गिऱ्हाइकीण बाईंच्या मुलीला दिला. आठ दिवसांत तिच्या कानाची पाळी लाल झाली, खाज सुटली. बाई काही बोलल्या नाहीत, पण मला रात्रभर झोप लागली नाही. मी पैसे परत केले. पाकिटातले बाकीचे हुक जुलैच्या पावसात डब्यातल्या डब्यात काळे पडले.

हे मी काकांना सांगितलं आणि सहा जोड हुक मागितले. त्यांनी दोन डब्या काढल्या. एकात पिवळेधमक मुलामा दिलेले, दुसऱ्यात साधे पांढरे स्टीलचे. मुलाम्याखालच्या धातूत निकेल असलं की काही जणांच्या कानाला ते सोसत नाही, घाम आला की जास्तच, हे त्यांनी मला नीट समजावलं. "दिसायला हे चांगले, पण तू स्टीलचे घे," म्हणाले, आणि वर्तमानपत्राच्या कागदावर १२ हुक एकेक मोजून ठेवले. मी सहा जोड मागितले होते, सहाच मिळाले. जोडीला पाच रुपये घेतले. पाकिटाच्या हिशेबाने हे महाग आहे, मान्य. पण त्या पाकिटातले मी वापरले किती आणि फेकले किती, ते आठवा. स्टीलच्या हुकांबद्दल त्यानंतर माझ्याकडे एकही तक्रार आलेली नाही.

आता या दुकानाची खरी गंमत, ती म्हणजे कापडी बटणं. आपलं कापड घेऊन जायचं, काका त्याची बटणं करून देतात. ही सोय पूर्वी गावोगावच्या मटेरियलवाल्यांकडे होती, आता शोधावी लागते. काउंटरच्या टोकाला लोखंडी हातप्रेस बसवलेला आहे, दांडा हाताच्या घामाने गुळगुळीत झालेला. बटणाचे दोन भाग असतात, वरची पत्र्याची टोपी आणि मागचं कडीवालं बूड. खालच्या साच्यात कापडाचं वर्तुळ उलटं ठेवायचं, त्यावर टोपी, कापडाच्या कडा आत दुमडायच्या, वर बूड ठेवून दांडा ओढायचा. टक् असा आवाज येतो आणि बटण तयार.

मी नेलं होतं कुणबी साडीचं कापड. लाल रंगावर बारीक चौकडा. ही साडी आपल्या गावड्या-कुणबी बायकांची, शेतात वावरताना नेसायची. मधल्या काळात ती दिसेनाशी झाली होती. फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी तिला पुन्हा लोकांच्या नजरेत आणलं, आणि आता पणजीतल्या मुलीही हौसेने नेसतात. माझ्याकडे एका गिऱ्हाइकाच्या ब्लाउजमधली पट्टी उरली होती, जेमतेम वीतभर रुंद. मी घरूनच वर्तुळं कापून नेली होती. काकांनी पहिलं वर्तुळ हातात घेतलं, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि कापड साच्यावर ठेवून नखाने किंचित सरकवलं. चौकड्याच्या दोन रेषा जिथे एकमेकींना छेदतात, तो बिंदू त्यांनी बरोबर मध्यावर आणला. मग दांडा ओढला. बटण बाहेर काढून अंगठ्याने पुसलं, उजेडाकडे धरलं. दुसरं वर्तुळ घेतलं आणि पहिल्या बटणाशी ताडून पाहिलं, कारण कानातलं जोडीचं असतं, डाव्या-उजव्या कानातली चौकट सारखी दिसली पाहिजे. हे मी सांगितलं नव्हतं. एका बटणाचे सात रुपये घेणाऱ्या माणसाने एवढं बघावं, हे मला फार भावलं.

कुणाला करून घ्यायची असतील तर माझ्या अनुभवातून सांगते. बटणांचा नंबर असतो. ४० नंबर म्हणजे एक इंच, २४ नंबर म्हणजे १५ मिलिमीटर, ३६ नंबर साधारण २३ मिलिमीटर. कापडाचं वर्तुळ बटणाच्या जवळजवळ दुप्पट हवं. २४ नंबरला पाण्याच्या बाटलीचं झाकण ठेवून पेन्सिल फिरवली की माप बरोबर येतं. ३६ नंबरला साडेचार सेंटीमीटर धरा. जरीचा जाड काठ २४ नंबरला नेऊ नका, बूड आत बसत नाही आणि बसलं तरी चार दिवसांत सुटतं. जरीला ३६ घ्या. शिफॉनसारखं पातळ कापड असेल तर खाली अस्तराचं वर्तुळ लावा, नाहीतर पत्रा चमकतो.

बटणाची कडी मागे मधोमध असते, त्यामुळे तसंच हुकाला अडकवलं तर ते आडवं होऊन आभाळाकडे बघतं. मी कडी कटरने कापते, कानशीने जागा सपाट करते आणि कानात घालायच्या खुंटीची चकती चिकटवते. चिकटवण्याआधी दोन्ही पत्रे पॉलिश पेपरने खरवडायचे. दोन ट्यूबांचा गोंद (एपॉक्सी) समान घेऊन मिसळायचा आणि रात्रभर हात लावायचा नाही. पावसाळ्यात मी दुसरी रात्रही जाऊ देते. या खुंट्याही काका सुट्या देतात.

मागच्या वर्षी एक बाई आपल्या आईची साडी घेऊन माझ्याकडे आल्या. आई गेलेली, साडी घडीवर विरलेली. ब्लाउज होण्यासारखं कापड राहिलं नव्हतं. पदराजवळचा हातभर तुकडा तेवढा शाबूत होता. त्याची मी इथून १४ बटणं करून घेतली, सात बहिणी-वहिनींसाठी सात जोड. काकांना कुणाची साडी ते सांगितलं, तेव्हा त्यांनी एकेक बटण करताना कापड आधी ओल्या फडक्याने पुसून घेतलं. एक बटण दाबताना कापड फाटलं. मी जादा वर्तुळं नेली होती म्हणून निभावलं. जुनं कापड असेल तर दोन-चार जास्तच कापून न्या.

बटणांपाठोपाठ मला इथली आवडती वस्तू म्हणजे फ्यूजिंग. कॉलर कडक राहावी म्हणून आतून इस्त्रीने चिकटवतो तेच. दुसरीकडे मीटरच्या खाली कापत नाहीत, इथे पाव मीटरही देतात. याचा कार्डांना फार उपयोग होतो. कापडाचा तुकडा थेट कागदावर चिकटवला की गोंद वर उमटतो आणि कडेचे धागे सुटतात. त्याच तुकड्याला मागून इस्त्रीने फ्यूजिंग बसवलं की तो पुठ्ठ्यासारखा कापता येतो. पान कापा, मासा कापा, कडा धारदार राहतात, डाग पडत नाही. मी ए-फोर आकाराचा २५० जीएसएमचा जाड कागद अर्धा कापते, प्रत्येक अर्ध्याला मधोमध घडी घालते. एका कागदात दोन कार्डं होतात. घडी घालण्याआधी पट्टी ठेवून संपलेल्या रिफिलने रेघ ओढायची, म्हणजे जाड कागद चिरत नाही. कागद दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून बघायचा. ज्या बाजूने सहज वाकतो तिकडेच घडी घालायची. पातळ कागदाला पाण्यातला पांढरा गोंद लावू नका, तो ओलाव्याने फुगतो आणि सुकला की सुरकुततो. तिथे दोन्हीकडून चिकटणारी टेप बरी.

आमच्या शेजारी ख्रिस्ती कुटुंब आहे. नाताळात त्यांच्याकडून दोदोल आणि नेवऱ्यांचं ताट येतं, चवथीला आमच्याकडून जातं. गेली चार वर्षं आमच्या ताटावर माझं कार्ड असतं. यंदाचं माटोळीचं केलं, म्हणजे चवथीला गणपतीच्या वर फळं-पानं बांधून टांगतो तिचं. हिरव्या खणाची पानं, नारिंगी अस्तराची सुपारी, आणि वर दोरी म्हणून उरलेला गोंडा. शेजारच्या मावशींनी ते आल्तारच्या, म्हणजे घरातल्या देवाच्या जागेच्या, बाजूला लावून ठेवलं आहे.

दुकानात आणखी एक प्रकार आहे, 'उरलंसुरलं'. संपत आलेल्या लेसचे तुकडे, माळा तुटून मिसळलेले मणी, एकटी पडलेली बटणं, सगळं एका पत्र्याच्या डब्यात, पाव किलोला शंभर रुपये. मी दोनदा घेतलं. पहिल्यांदा घरी येऊन थाळीत ओतलं तर काचेचे मणी, लाकडी मणी, पितळी घुंगरू आणि अर्धा मीटर कटवर्कची लेस निघाली. जीव हरखून गेला. दुसऱ्यांदा मात्र निम्म्याहून जास्त प्लास्टिकचे मोती होते आणि त्यांचा मुलामा निघत होता. मोती घेताना भोकाजवळ बघा. तिथे पोपडा सुटलेला दिसला तर ती चीज महिनाभर टिकायची नाही. काका डब्यात हात घालू देतात, पण उभ्या उभ्या निवडत बसायला जागाच नाही. हा माल त्यांनी काच, लाकूड, प्लास्टिक असा वेगळा ठेवला तर मी दर महिन्याला पाव किलो नेईन. त्यांना मी हे सांगितलं आहे.

बाकीच्या उणिवाही लिहिते. दुपारी एक ते साडेतीन दुकान बंद. आपल्याकडे ते नवीन नाही, पण मी डिचोलीहून अस्नोड्यामार्गे बस पकडून येते, आणि एकदा एकला पाच मिनिटं असताना पोचले तर शटर अर्धं खाली होतं. शुक्रवारी बाजाराची एवढी गर्दी असते की बटणं करून मिळत नाहीत, कापड ठेवून जावं लागतं. आत ट्यूबलाइटच्या उजेडात रंग फसवतात. मी मोरपिशी म्हणून घेतलेली लेस घरी चक्क हिरवी निघाली, आणि कापलेली लेस ते परत घेत नाहीत. तेव्हापासून मी रीळ उचलून पायरीवर उन्हात जाऊन बघते. काका काही म्हणत नाहीत.

साठवण्याबद्दल एक. आपल्या पावसात हुक, रिंगा, घुंगरू उघडे राहिले की संपले. औषधांच्या बाटल्यांत आणि चपलांच्या खोक्यांत सिलिका जेलच्या ज्या पुड्या येतात, त्या मी जपून ठेवते. झाकण घट्ट बसेल अशा डबीत हुकांबरोबर एक पुडी टाकते. काकांकडून आणलेल्या रिंगा दोन पावसाळे बघून अजून लखलखीत आहेत.

जायचं तर मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी दहाच्या सुमारास जा. कापड इस्त्री करून, वर्तुळं कापून न्या, जादा दोन घाला. ३६ नंबरच्या टोप्या गेल्या खेपेला संपल्या होत्या. पुढच्या आठवड्यात येतील म्हणाले आहेत. माझ्या पिशवीत हिरव्या खणाची २० वर्तुळं कापून तयार आहेत.